नेत्राने भरलेला रकाना

माझ्या नणंदेला, नेत्राला, मासळीच्या पाटीवर बसवायचं नाही असं सासूबाईंनी ती शाळेत असतानाच ठरवून टाकलं होतं. कारण ती गिऱ्हाइकाला खरं सांगायची. भाईंदरच्या बाजारात एका बाईने विचारलं, "ताजं आहे ना गं?" तर ही म्हणे, "बोंबील ताजे हायत, पापलेट कालचं हाय." सासूबाईंनी तिथल्या तिथे पाठीत धपाटा घातला आणि म्हणाल्या, "तू शिक बाय. तुझ्यानं धंदा व्हायचा न्हाय."

मी अठ्ठ्याऐंशी साली लग्न होऊन भाईंदरजवळच्या पाली गावी आले तेव्हा ती नववीत होती. सासरे आधीच गेले होते. होडी आमचे हे, म्हणजे जयकुमार, चालवत. सासूबाई कृष्णाबाई मासळी विकत. त्यामुळे सगळ्यात धाकटा प्रणित नेत्राच्याच कडेवर वाढला. तिचं गणिताचं पुस्तक एका हातात आणि हा दुसऱ्या. तो पाच वर्षांनीच लहान, पण ती त्याच्याशी आईसारखी बोलायची आणि तो तिला आईला घाबरत नसेल इतका घाबरायचा.

बारावी झाल्यावर तिने भाईंदर पश्चिमेला कॉम्प्युटरचा क्लास लावला. चपला बाहेर काढायच्या, आत थंडगार खोली. मी एकदा तिच्याबरोबर गेले तेव्हा नकळत दारात हात जोडले, देवळात गेल्यासारखे. नेत्रा ओठ दाबून हसली. तिथली दोन पोरं तिला सुरुवातीला चिडवायची. ही आत आली की नाक धरून म्हणायची, "आज मच्छी मार्केट इधरच लगा है क्या?" चौथ्या दिवशी ही उलटून म्हणाली, "हां, लगा है. सुरमई है. लेगा? पर तेरे को कट करना नहीं आएगा." शिकवणारे उदय सर मोठ्याने हसले आणि ते चिडवणं तिथेच संपलं. पुढे त्यांतल्याच एकाला ती फॉक्सप्रो नावाचा याद्या ठेवायचा प्रोग्राम समजावून सांगायची.

शहाण्णवला आमच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार सोसायटीने कॉम्प्युटर घेतला आणि नेत्राला नोकरी लागली. सासूबाईंनी दसऱ्याला जाऊन त्या यंत्राला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. चेअरमन पंढरीनाथकाका म्हणाले, "कृष्णाबाय, पाणी नको शिंपडू फक्त."

ती तिथे नेमकं काय करते ते मला कळायचं नाही. मी रोज संध्याकाळी देवीपुढे दिवा लावून झाला की वहीत चार ओळी लिहिते, तेवढाच माझा लिहिण्याशी संबंध. एका सकाळी मी उंबऱ्यापुढे रांगोळी काढत होते, तर नेत्रा शेजारी उकिडवी बसली आणि माझ्या हातातून रांगोळी घेतली.

"वहिनी, बघ. हे दोन तक्ते." तिने दोन चौकटी काढल्या. "ह्याच्यात होड्या. नंबर, नाव, मालक, रंग. ह्याच्यात खलाशी. नाव, गाव, आणि कुठल्या होडीवर, त्या होडीचा नंबर. बस."

"मग खलाशाच्या पुढेच मालक आणि रंग लिहून टाक ना. दोन कशाला?"

"एका होडीवर सात माणसं. मालकाने रंग बदलला तर सात ठिकाणी बदलायचा. एक राहिला की होडी थोडी निळी, थोडी हिरवी. म्हणून होडीचं सगळं होडीच्या तक्त्यात एकदाच. खलाशाकडे फक्त नंबर. यादी पाहिजे असली की मशीनला सांगायचं, इकडचा नंबर आणि तिकडचा नंबर सारखा असेल तिथे दोन्ही ओळी जोड." तिने बोटाने एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत रेघ ओढली. "ह्याला जॉइन म्हणतात."

"आणि ज्याचा नंबर जुळलाच नाही?"

"तो त्या यादीत येत नाही."

"मग जातो कुठे?"

"जातोय कुठे? त्याच्या तक्त्यात असतोच. जोडलेल्या यादीत दिसत नाही, एवढंच." मग माझी रांगोळी विस्कटली म्हणून शेजारणीने टोमणा मारला आणि आम्ही उठलो.

पहिल्यांदा तिने यादी छापली तेव्हा नंबर जुळवण्याची अटच घालायची विसरली. मग मशीनने काय करावं? प्रत्येक खलाशी प्रत्येक होडीला जोडला. प्रिंटर करकरत राहिला, कागद टेबलावरून उतरून दारापर्यंत आला. प्रणित तिला डबा द्यायला गेला होता. कागद उचलून वाचतो तर पानापानावर त्याचंच नाव. "ताई गं, सगळ्या होड्यांवर चढवलंस मला! एवढं जेवण कोण घालंल?" घरी येऊन त्याने ते इतक्यांदा सांगितलं की सासूबाईसुद्धा त्याला "बारा होड्यांचा खलाशी" म्हणायला लागल्या.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. नारळी पुनवेला तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, आपल्या खलाशांना विडा देतो. विडा घेतला की माणूस त्या हंगामात त्या होडीचा. सोसायटीनेही तेच धरलं होतं, विडा घेतलेल्याच्या पुढे नेत्रा होडीचा नंबर भरायची. मध्येच होडी बदलायची तर पुन्हा नवा विडा, तेव्हा नवा नंबर.

सत्त्याण्णवच्या नारळी पुनवेनंतर आमच्या होडीचं जाळं खडकात अडकलं आणि प्रणितने दोर कापला. त्याचं म्हणणं, कापला नसता तर होडी कलंडली असती. ह्यांचं म्हणणं, भित्र्यासारखा कापला. किनाऱ्यावर, सगळ्यांदेखत, ह्यांनी त्याच्या कानाखाली मारली. एकोणीस वर्षांचा पोरगा. तो तसाच वळला. घरी येऊन पिशवी भरली. नेत्रा आडवी आली तर म्हणाला, "ताई, सोड. वेरावळला ओळखीचे हायत, तिकडं जातो. दादाचा राग गेला की येतो."

दुसऱ्या दिवशी हे सोसायटीत जाऊन नेत्राला म्हणाले, "माझ्या होडीवरून काढ त्याला." तिने नंबर पुसला, नाव ठेवलं. घरी येऊन मला म्हणाली, "वहिनी, नवरात्रात मी त्याला आणणार. दादाच्या पाया पडायला लावीन, नाहीतर दादाला त्याच्या. पण आणणार." रोज कोणी ना कोणी गुजरातकडून आलेला भेटला की ती विचारायची, आमचा प्रणित दिसला का. कोणाला दिसला नव्हता.

पितृपक्षात वारा फिरला. आमची होडी वेळेत आली. शेजारच्या चौक गावच्या नाथामामांची 'सागरलक्ष्मी' आली नाही.

नाथामामा सासूबाईंचे लांबचे भाऊ. पोलिसांना आणि तटरक्षक दलाला होडीचा रंग, मालक आणि आतल्या माणसांची नावं लगेच हवी होती. पंढरीनाथकाका धावत नेत्राकडे आले. तिने 'सागरलक्ष्मी' नाव घालून दोन्ही तक्ते जोडले आणि कागद काढला. नाथामामा धरून सहा नावं. काकांनी कागद वर धरून जमलेल्या लोकांना वाचून दाखवला. प्रत्येक नावाला गर्दीतल्या एकेका घरच्यांचा हंबरडा फुटत होता. सासूबाई माझा दंड धरून उभ्या होत्या. सहावं नाव झालं तेव्हा त्यांची नखं माझ्या दंडातून सुटली.

प्रणित वेरावळला होता, हे ठाऊक असूनही आम्ही घाबरलो होतो. दर्या खवळला की आपलं माणूस कुठेही असो, जीव थाऱ्यावर राहत नाही. यादीत नाव नाही म्हटल्यावर मी घरी येऊन देवीपुढे साखर ठेवली. ठेवली, खोटं कशाला लिहू? शेजारच्या गावात सहा घरं रडत होती आणि मी साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आणि मी चौकला सरूबाईंना, नाथामामांच्या बायकोला, भेटायला गेलो. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. सासूबाईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. "देवीची मर्जी, सरू. आपल्या हातात काय हाय? धीर धर." सरूबाईंनी वर बघितलं, खूप वेळ बघितलं, आणि डोळे मिटले. मला वाटलं, दुःखाने भान नाही.

किनाऱ्यावरच्या सगळ्या होड्या शोधायला गेल्या होत्या. आमचीही गेली. दर्याने एकेक करून माणसं परत दिली. एकही जिवंत नाही. चौथ्या दिवशी सहावं माणूस मिळालं. पंढरीनाथकाकांनी यादीतल्या शेवटच्या नावावर रेघ ओढली आणि होड्यांना परत फिरायचा निरोप पाठवला. सगळे मिळाले, आता शोधायचं कोणाला?

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी नेत्रा ऑफिसात एकटी होती. सासूबाईंनी सकाळी तिला सांगितलं होतं, "प्रणितला कळव गं, नाथामामा गेला म्हणून. तेवढ्यानं तरी घरी येईल." वेरावळच्या त्या ओळखीच्या माणसाचं नाव तिने प्रणितच्या ओळीत कधीतरी लिहून ठेवलं होतं, ते बघायला तिने खलाशांचा तक्ता उघडला.

पुढचं तिनेच मला नंतर सांगितलं, तुटक तुटक. प्रणितची ओळ समोर आली. नाव, गाव, घर, आणि होडीच्या नंबराचा रकाना रिकामा. तिनेच पुसलेला. ती त्या रिकाम्या जागेकडे बघत बसली. आणि तिच्या ध्यानात आलं की ज्याचा नंबरच नाही, तो कुठल्याच होडीच्या यादीत येणार नाही. 'सागरलक्ष्मी'च्या नाही, कुठल्याच नाही. यादीत तो नव्हता, त्यावरून तो होडीत नव्हता असं ठरत नव्हतं. तो होडीत असता तरी यादी हीच आली असती.

मग तिने उदय सरांनी शिकवलेली दुसऱ्या तऱ्हेची जोडणी लावली. त्यात मशीनला सांगायचं, आधी सगळे खलाशी घे. होडी जुळली तर पुढे लिही, नाही जुळली तर ती जागा मोकळी सोड, पण माणूस गाळू नकोस. खाली खाली जात तेरा माणसं बिनहोडीची निघाली. बारा जणांचं तिला माहीत होतं. कोणी आजारी, कोणी मुंबईत नोकरीला लागलेला, एक गोव्याला. ती एकेकाचं नाव घेऊन "हा जिवंत हाय" असं मोठ्याने म्हणत गेली. तेरावा प्रणित.

ती घरी आली तेव्हा घामाने भिजली होती. "वहिनी, चल माझ्याबरोबर. आईला नको सांगू."

आम्ही रिक्षाने चौकला गेलो. सरूबाईंच्या दारात नेत्रा बसलीच नाही, उभ्यानेच म्हणाली, "मामी, मामाच्या होडीवर किती जण गेले?"

"सात," सरूबाई म्हणाल्या.

"सातवा कोण?"

सरूबाईंनी तिच्याकडे असं बघितलं की मी ते कधी विसरणार नाही. "काय विचारतंस, पोरी? तुझा भाऊ."

"वेरावळला नव्हता तो?" नेत्राने विचारलं.

"वेरावळला गेलाच न्हाय तो. भायंदरला दोस्ताकडं होता. पहाटे किनाऱ्यावर आला, म्हणाला मामा, मला घे. ह्यांनी घेतलं. जाळं मोठं, माणूस पाहिजेच होतं. पितृपक्षात विडा कसा देयाचा? म्हणाले, घट बसले की देतो, मग सोसायटीत नाव लाव. आणि कृष्णाबायला निरोप धाडतो, पोरगं माझ्याकडं हाय. तसंच निघून गेले, निरोप राहिला." बोलता बोलता त्यांचा आवाज चढला. "यादी वाचली तवा मी इथं घरात पडून होते. मला वाटलं तुमास्नी ठावं हाय! तुझी आई आली, माझं डोस्कं मांडीवर घेतलं, डोळ्यांत टिपूस न्हाय. मी म्हटलं काय काळीज बाईचं. स्वतःचा पोर गेला आणि मला धीर देती. मी तोंडातून आवाज काढला न्हाय, तिच्या लाजेनं." मग त्या थांबल्या. आमच्या तोंडाकडे बघून त्यांना सगळं उमगलं आणि त्या कपाळावर हात मारत राहिल्या.

आम्ही तडक सोसायटीत आलो, पंढरीनाथकाका तिथे ओट्यावर होते. ऐकून त्यांनी डोळे पुसले, पण म्हणाले, "बाय, मला कागद दे. सहाचे सात झाले हे पोलिसांना, दलाला तोंडी सांगून चालायचं न्हाय. कागद दिलास की आत्ता होड्या काढतो."

कागद काढायचा म्हणजे प्रणितच्या रकान्यात नंबर भरायचा. एकेचाळीस. सागरलक्ष्मीचा.

तोवर कोणीतरी घरी सांगितलं होतं. नेत्रा मशीनपुढे बसली आणि सासूबाई ऑफिसात आल्या. पायात चपला नव्हत्या, पदर खांद्यावरून सुटलेला. मागून हे, पांढरेफटक. सासूबाईंनी नेत्राचा हात धरला.

"नको भरूस."

"आये, होड्या काढायच्या हायत."

"त्याचं नाव यादीत नव्हतं. तूच काढली होतीस ना यादी? तूच म्हणालीस ना, न्हाय म्हणून? मग ती खरी हाय. सरूचं डोस्कं फिरलंय. माझा पोर वेरावळला हाय. तू नंबर नको भरू, बाय माझे. रिकामं राहू दे. रिकामं असलं तर तो येईल."

नेत्रा ह्यांच्याकडे वळली. "दादा, फळीला धरून माणूस किती वेळ राहतो रे पाण्यात?"

ज्याने सारा जन्म दर्यावर काढला त्या माणसाने मान खाली घातली.

"दादा, सांग ना. पाच दिवस राहील का?"

"तू कागद काढ," हे म्हणाले. एवढंच.

नेत्राने आईची बोटं एकेक करून आपल्या मनगटावरून सोडवली आणि दोन आकडे दाबले. प्रिंटर वाजायला लागला. सातवी ओळ उमटली, प्रणितचं नाव आणि त्याच्यापुढे होडीचं नाव, मालकाचं नाव, रंग, सगळं आपोआप येऊन बसलं. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. पण ओळी मोजता येत होत्या. त्या कागदाकडे बघत हळूच म्हणाल्या, "तू बसवलंस त्याला होडीत."

नेत्राने कागद फाडून काकांच्या हातात दिला. रडली नाही.

होड्या पुन्हा गेल्या. ह्यांनी आमची होडी सगळ्यांच्या पुढे काढली आणि सगळ्यांच्या मागून आणली. वसईपासून खाली वर्सोव्यापर्यंत धुंडाळलं. फळी मिळाली, एक पिंप मिळालं. प्रणित मिळाला नाही. आधीच्या चार दिवसांत सातव्यालाही कोणी शोधत असतं तर मिळाला असता का, जिवंत मिळाला असता का, हे कोणी बोलत नाही. पण आमच्या घरातल्या प्रत्येकाचं ते न बोलणं मला ऐकू येतं. मी देवीपुढे बसते, हात जोडते, आणि पोथी उघडली की शब्द पुढे सरकत नाही. साखरेचा डबा मी मागच्या कोनाड्यात सरकवून ठेवलाय.

नेत्राने नोकरी सोडली नाही. लोकांना वाटलं सोडेल. तिने पंढरीनाथकाकांना सांगितलं की विडा असो नसो, जो माणूस होडीत पाय टाकेल त्याचा नंबर निघण्याआधी माझ्याकडे आला पाहिजे. पितृपक्ष असो, अमावस्या असो. म्हातारे तांडेल कुरकुरले, "विड्याआधी नाव लावायचं, अपशकुन हाय."  ती पहाटे किनाऱ्यावर जाऊन उभी राहायची आणि स्वतः विचारायची. एकाने हटकलं, "तू बाईमाणूस, होडी निघताना समोर कशाला येतंस?" तर त्याच्या बायकोनेच त्याला गप्प केलं.

सासूबाई तिच्याशी बोलायच्या. मीठ दे, दार लाव, वाकटी मासळी वाळत घाल. त्यापलीकडे नाही. लग्नाचं कोणी काढलं की नेत्रा म्हणायची, "आये एकटी पडंल." सासूबाई ते ऐकून तोंड फिरवायच्या.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात सासूबाईंनी अंथरूण धरलं. सगळं नेत्राच करायची. अंग पुसणं, वेणी घालणं. एका दुपारी मी पेज घेऊन आत गेले तर नेत्रा त्यांचे पाय चेपत होती. सासूबाई छताकडे बघत म्हणाल्या, "तेव्हा तू नंबर भरला नसतास तर?"

दीड वर्षात पहिल्यांदा त्यांनी तो विषय काढला होता. नेत्राचे हात थांबले.

"तर होड्या गेल्या नसत्या, आये."

"गेल्या. आला काय?"

"न्हाय."

सासूबाईंनी पाय ओढून घेतले नाहीत. नेत्रा पुन्हा चेपायला लागली. मी पेजेची वाटी खाली ठेवली आणि चमचा आणायला म्हणून बाहेर आले, आणि चुलीपाशी तोंडात पदर कोंबून उभी राहिले.